सीओईपी मेटलर्जी, पुण्यातलं कॉम्प्युटर की कराडचं इलेक्ट्रिकल: एका ऑप्शन फॉर्मची पूर्ण हकिकत

हे प्रकरण २०२५च्या इंजिनिअरिंग कॅप राउंडमधलं, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतलं आहे. मुलीचं नाव आणि गाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून घरच्या दोनचार गोष्टीही बदलल्यात, पण कुणी काय म्हटलं, कुठे अडलं, कुठला निर्णय कसा झाला हे घडलं तसंच लिहितेय. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी पुण्यात, आणि गेली काही वर्षं जून-जुलैत आमच्या सातारा भागातल्या मुलांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाच्या याद्या, बघून देते. पैसे घेत नाही. माझ्या वेळी मला सांगणारं कुणी नव्हतं म्हणून हे करते, दुसरं काही कारण नाही.

पार्श्वभूमी

मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या पंपाच्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, असं काम. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडतं, मोटरी जळतात आणि दुकानात उभं राहायला जागा नसते. ही आठवीपासून शाळा सुटली की तिथेच, स्लॉटमध्ये कागद बसवणं, तारेचे वेढे मोजणं, वार्निश वाळलं की मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघणं. वडील बारावी नापास पण त्यांचा हात एवढा बसलेला की आवाजावरून मोटरीचं दुखणं सांगतात. ही लहानपणापासून त्यांना विचारायची की वेढे एवढेच का, कमी केले तर काय होईल, आणि ते म्हणायचे, "ते मला नाही माहीत बाय, जुनी सोडवली तेव्हा जेवढे निघाले तेवढेच घालायचे."

हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण सगळं प्रकरण शेवटी या एका प्रश्नापाशी येतं, आणि गंमत म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरा दिवसांत घरात हा विषयच कुणी काढला नव्हता.

सीईटीला तिला ९६.४ पर्सेंटाइल पडले. पीसीएम ग्रुपला चार लाखांच्या वर मुलं बसतात, म्हणजे तिच्या पुढे साधारण पंधरा हजार. वाईट अजिबात नाही, पण गावात कुणीतरी ९९वाला असतोच आणि त्याच्याशी तुलना होतेच. कॅटेगरी ओबीसी, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी दोन्ही हातात. एनसीएलची, म्हणजे नॉन क्रिमीलेअर दाखल्याची, मुदत मात्र मार्चमध्ये संपलेली. त्या वर्षीच्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६पर्यंत चालणारं नॉन क्रिमीलेअर लागत होतं, ते सेतू केंद्रातून नवीन करायला पंधरा दिवस गेले आणि ते पंधरा दिवस घरात रोज धाकधूक, कारण वेळेत नाही दिलं तर अर्ज ओपनमध्ये जातो.

नेमका प्रश्न काय होता

वरवर बघितलं तर प्रश्न साधा होता, कुठलं कॉलेज आणि कुठली ब्रँच. पण घरातली प्रत्येक व्यक्ती वेगळाच प्रश्न सोडवत होती हे मला तिसऱ्या फोनला कळलं.

मामा हडपसरला असतात, आयटीत सपोर्टला. त्यांचं म्हणणं, नाव मोठं पाहिजे. सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, जी ब्रँच मिळेल ती घ्यायची, मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र का असेना, आयुष्यभर सीओईपी म्हणून ओळख राहते. आईचं म्हणणं, कॉम्प्युटर पाहिजे, कॉलेज कुठलंही चालेल, पोरीच्या जातीला उन्हातान्हात साइटवर जायला नको. वडलांचं म्हणणं, खर्च झेपला पाहिजे, आणि ते हे मोठ्यानं बोलत नव्हते. मुलगी गप्प. मी विचारलं की म्हणायची, "ताई, जिथं कटऑफ जास्त तिथं शिक्षण चांगलं असणार ना, मग जेवढं वरचं मिळेल तेवढं घेऊ."

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला तिथेच थांबून बोलावं लागतं. कटऑफ म्हणजे काय, तर गेल्या वर्षी त्या जागेवर शेवटी आत गेलेल्या मुलाचा आकडा. तो आकडा गर्दीनं ठरतो. पुण्यात आहे म्हणून वाढतो, कॉम्प्युटर म्हणून वाढतो, कंपन्या येतात अशी हवा आहे म्हणून वाढतो. त्यात शिकवणं, लॅब यांचा भाग असतोच, मी नाही म्हणत नाही, सीओईपी १८५४ची, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची, एवढी वर्षं मुलं तिथे जायला धडपडतात ते उगाच नाही. पण एकाच कॉलेजात कॉम्प्युटर आणि मेटलर्जीच्या कटऑफमध्ये केवढा फरक असतो, तेव्हा कॉलेज तेच, गेट तेच, मेसही तीच, मग हा फरक शिक्षणाचा कसा असेल? ती फक्त मागणी आहे.

समोरचे पर्याय

आम्ही एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून वहीत चार रकाने केले. प्रत्येकाला नीट वेळ दिला, कारण एकही पर्याय मूर्खपणाचा नव्हता.

पहिला, सीओईपी मेटलर्जी. गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून काठावर वाटत होतं. जमेची बाजू खरोखर मोठी, शहर, नाव, सोबतची हुशार मुलं, माजी विद्यार्थ्यांचं जाळं. मामांचा दुसरा मुद्दा शाखाबदलाचा, पहिल्या वर्षी चांगले मार्क पाडून ब्रँच बदलून घे. मी सांगितलं की शाखाबदल असतो पण जागा मोजक्या असतात आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेली सगळीच मुलं हुशार असतात, त्यामुळे मेटलर्जी चार वर्षं शिकायची तयारी असेल तरच तो पर्याय टाकायचा. मेटलर्जी हा सुंदर विषय आहे, ज्याला धातूंची आवड आहे त्याच्यासाठी. हिला तो विषय काय आहे हेच माहीत नव्हतं.

दुसरा, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. नाव लिहीत नाही. इथे एक चूक सापडली ती महत्त्वाची. वडलांनी गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ छापून आणली होती आणि त्यात जो आकडा बघून ते खूश होते तो एचचा होता. कॅपच्या यादीत सीटच्या कोडचं शेवटचं अक्षर बघायचं असतं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीची मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. साताऱ्याची मुलगी शिवाजी विद्यापीठाची, पुण्यातल्या त्या कॉलेजासाठी ती बाहेरची, आणि बाहेरच्यांना जागा कमी, ७० टक्के होमला, ३० टक्के बाकीच्यांना. तिथला ओचा आकडा जवळजवळ एक पर्सेंटाइलनं वर होता. तरीही मिळण्यासारखं होतं, पण 'हातात आहेच' असं जे वडील धरून चालले होते तेवढं नव्हतं.

तिसरा, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात इलेक्ट्रिकल. सांगलीचं वालचंद, १९४७चं, आणि कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, १९६०चं. वालचंद थोडं अवघड, कराड बऱ्यापैकी शक्य. हा पर्याय वहीत तिनं स्वतः सांगितला. आवाज एकदम हळू. आई लगेच म्हणाली, "वायरमनच व्हायचं होतं तर एवढे क्लास कशाला लावले?" त्यावर वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी कॅमेऱ्यात बघितला.

चौथा पर्याय मामांच्या ओळखीच्या एका माणसानं आणलेला. संस्थास्तरावरची सीट आत्ताच बुक करून टाका, कॅपची कटकट नको, थोडे पैसे भरा. यावर मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं आणि त्याचं कारण भावनिक नव्हतं. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. संस्थास्तरावर, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती माफी गेली. म्हणजे हा माणूस त्यांना चार वर्षांची फी भरायला लावणार होता आणि वर त्याला मदत म्हणत होता. वडलांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मी उद्या त्याला टोकन द्यायला जाणार होतो."

त्या दिवशी खर्चाचा हिशोबही पहिल्यांदा खुलेपणानं झाला. फी माफ म्हटल्यावर उरतो राहण्याजेवणाचा आणि इतर फीचा खर्च. पुण्यात रूम आणि मेस मिळून महिन्याला नऊदहा हजार, कराडला हॉस्टेल मिळालं तर त्याच्या निम्म्याहून कमी. वडील म्हणाले पुण्याचाही खर्च करू, एक प्लॉटचा तुकडा आहे. मी म्हटलं भाऊ, प्लॉटचा विषय शेवटी काढू, आधी तिला काय पाहिजे ते ठरू दे.

पहिला वळणाचा क्षण: कॅफेतला फॉर्म

पहिल्या फेरीचे ऑप्शन भरायचे होते तेव्हा मला ऑफिसचं काम होतं, मी म्हटलं संध्याकाळी बसू. वडलांना राहवलं नाही, ते सकाळीच तालुक्याच्या कॅफेत गेले. तिथल्या पोरानं चांगल्या मनानं फॉर्म भरून दिला आणि समजावलं, "काका, मिळणारं कॉलेज वर टाका. वर मोठी मोठी नावं टाकली की नंबर लागत नाही, जागा वाया जाते." एक नंबरला त्यानं टाकलं पुण्यातलं ते खासगी कॉम्प्युटर, दोनला दुसरं खासगी, कराड नवव्या नंबरवर, सीओईपी नाहीच.

नशीब एवढंच की फॉर्म सेव्ह झाला होता, कन्फर्म नव्हता.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सात पालकांना त्या माहीत नसतात. एक म्हणजे वाटप कसं होतं. यादी मेरिट नंबरनं चालते. तुमचा नंबर आला की संगणक तुमचा पहिला पर्याय बघतो, जागा आहे का, नसली तर दुसरा, नसली तर तिसरा, जिथे जागा सापडली ती तुमची. वर न मिळणारी वीस कॉलेजं टाकली तरी एकविसाव्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही, कारण तुमच्या मागचं कुणी तोपर्यंत पुढे येतच नाही. म्हणजे 'मिळणारं वर टाका' या सल्ल्याला काही आधारच नाही. ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात. वर स्वप्नं टाका, मधे आवाक्यातलं टाका, खाली नक्की मिळेल असं टाका, पण क्रम तुम्हाला काय जास्त हवं त्याचाच लावा.

दुसरी गोष्ट ऑटो फ्रीझची, आणि तिच्यामुळे चुकीचा क्रम फार महागात पडतो. २०२४ला तीन फेऱ्या होत्या, २०२५ला चार झाल्या आणि नियम असा आला की पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर घ्यावं लागतं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, चौथीत जे मिळेल ते. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्या बंद. कॅफेतला तो फॉर्म तसाच कन्फर्म झाला असता तर पहिल्याच फेरीत, पहिल्याच नंबरला, पुण्याचं खासगी कॉलेज मिळून सगळा खेळ तिथेच संपला असता, आणि घरच्यांना वाटलं असतं की वा, पहिल्या फेरीत पहिलं कॉलेज मिळालं.

संध्याकाळी आम्ही ती यादी पूर्ण पुसली.

दुसरा वळणाचा क्षण: कराड वर की पुणे वर

नवीन यादी करताना वरचे तीन पटकन झाले. सीओईपी इलेक्ट्रिकल, व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल, वालचंद इलेक्ट्रिकल. पहिले दोन तिच्या आकड्याच्या बरेच वर होते, तरी टाकले. अडलं चौथ्यावर. कराडचं इलेक्ट्रिकल की पुण्याचं कॉम्प्युटर? कटऑफनं बघाल तर पुण्याचं कॉम्प्युटर वर. शहरानं बघाल तर पुणे. आईनं बघाल तर कॉम्प्युटर.

मी तिला म्हटलं मत सांगणार नाही, काम देते. दोन्ही कॉलेजांच्या साइटवरून तीन गोष्टी काढ. एक, एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, भाग घेणारी कॉलेजं त्यांनी दिलेली माहिती साइटवर ठेवतात, त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मिडियन पगार किती हे असतं, ते लिहून काढ. जाहिरातीतलं हायेस्ट पॅकेज एका मुलाचं असतं, मिडियन म्हणजे मधल्या मुलाचा पगार, तुझी तुलना त्या मधल्याशी कर. दोन, तुला जी ब्रँच मिळणार त्या ब्रँचला एनबीए (दर्जाची राष्ट्रीय मान्यता) आहे का बघ, कारण एनबीए ब्रँचला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. तीन, दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एकेका मुलीशी बोल आणि विचार की गेल्या आठवड्यात लॅबमध्ये स्वतःच्या हातानं काय केलंस.

तिसऱ्या प्रश्नानं निकाल लावला. पुण्यातली मुलगी प्रामाणिक होती, म्हणाली आमच्या वर्गात खूप मुलं आहेत, प्रॅक्टिकल ग्रुपनं होतात, पण बाहेर खूप शिकायला मिळतं, हॅकेथॉन असतात, इंटर्नशिप मिळतात, ज्याला धडपड करायची त्याला पुणं चांगलं. कराडच्या मुलीनं अर्धा तास मोटरीच्या टेस्टिंगबद्दल सांगितलं, नो लोड टेस्ट, ब्लॉक्ड रोटर टेस्ट, रीडिंग चुकलं तर सगळं परत कसं करावं लागतं. आमच्या मुलीनं तिला मधेच विचारलं, "वेढे किती घालायचे हे कशावरून ठरतं ते शिकवतात का?" ती म्हणाली, हो, डिझाइनचा विषय आहे, पुढच्या वर्षांत येतो.

रात्री दहाला मला मेसेज आला. ताई कराड चौथ्या नंबरला टाका.

आईला समजावणं माझं काम नव्हतं, पण मी एक गोष्ट सांगितली जी मला खरी वाटते. इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढणं एवढंच नाही, सोलर, ईव्ही, ग्रिड, कंट्रोल, सगळीकडे संगणकावरचंच काम मोठं आहे, आणि इलेक्ट्रिकलचं डोकं असलेल्या माणसाला कोडिंग शिकता येतं. आई पटली असं म्हणणार नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर टाका." हे वाक्य मला आजही टोचतं, कारण 'तुम्ही म्हणताय' मधली जबाबदारी माझी नव्हती आणि ती मी त्या क्षणी नीट परत केली नाही.

एकूण ३१ पर्याय भरले. पुण्याचं कॉम्प्युटर नवव्या नंबरला गेलं. शेवटची आठ कॉलेजं अशी होती की गेल्या वर्षी तीनही फेऱ्यांत तिच्यापेक्षा पाचसहा पर्सेंटाइल खाली बंद झालेली, पण त्यातलं एकही असं नव्हतं जिथे तिला जायचंच नाही. जिथे जायचं नाही ते यादीत टाकूच नये, मिळालं तर मग रडायला होतं.

पुढे काय काय झालं

पहिल्या फेरीत कराड इलेक्ट्रिकल मिळालं, चौथा पर्याय. ऑटो फ्रीझ फक्त पहिल्या नंबरला होतं, त्यामुळे सीट स्वीकारून, १००० रुपये भरून, पुढच्या फेरीत अजून चांगलं मिळतंय का बघायची मुभा होती. तेच केलं.

दुसऱ्या फेरीत लोक एक घोळ घालतात. पुन्हा फॉर्म भरायचा असतो म्हणून जुनीच मोठी यादी परत टाकतात. पण नव्या फेरीत काहीही मिळालं की हातातली जागा आपोआप जाते. म्हणून हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर जास्त हवं तेवढंच टाकायचं. आमची यादी तीन ओळींची झाली, सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद, तिन्हीकडे इलेक्ट्रिकल. वालचंद टाकताना मी तिला दोनदा विचारलं, मिळालं तर पहिल्या तीनमध्ये आहे, जावंच लागेल, घरापासून अजून लांब आहे. हो म्हणाली. दुसऱ्या फेरीत काही बदललं नाही.

तिसऱ्या फेरीच्या आधी मामा घरी आले. कराड मिळालंय, ते कुठे जात नाही, मग सीओईपी मेटलर्जी टाकून तर बघू. 'टाकून तर बघू' हेच फसवं. पहिल्या सहात टाकलं आणि मिळालं तर कराड गेलं आणि मेटलर्जी बंधनकारक. सातव्यावर टाकली तर बंधन नाही, पण मिळाली की कराड तरी जाणारच. मी मामांना फोनवर हे सांगितलं, ते चिडले, म्हणाले, "तुम्ही पोरीला सीओईपीपासून अडवताय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि रात्रभर विचार केला की खरंच अडवतेय का. मी स्वतः छोट्या कॉलेजची, मोठ्या नावाच्या मुलांना पहिली नोकरी किती सहज मिळते ते मी जवळून बघितलंय, पहिल्या दोनतीन वर्षांत नाव चालतं हे नाकारून चालणार नाही. सकाळी मी मुलीला फोन केला आणि मामांची बाजू मामांपेक्षा जोरात मांडली. सगळं सांगितलं, नाव, शहर, मुलं, शाखाबदलाची थोडी शक्यता. मग मेटलर्जीचा पहिल्या ते चौथ्या वर्षाचा सिलॅबस साइटवरून काढून वाचायला लावला. म्हटलं, हे चार वर्षं वाचायला आवडेल का, एवढंच सांग.

दुपारी तिनं स्वतः मामांना फोन केला. काय बोलली मला माहीत नाही. फॉर्ममध्ये मेटलर्जी गेली नाही. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतही कराडच राहिलं आणि तिनं प्रवेश घेतला.

नंतर मामांनी कटऑफ बघितला आणि घरात सांगितलं की मिळत होतं. मी तो आकडा पडताळला नाही, मुलीनंही नाही. आईनं मात्र ते मनात धरलं आणि गणपतीत मी गावी गेले तेव्हा ते बोलण्यात आलंच.

निकाल, आत्तापर्यंतचा

पहिली सेमिस्टर झाली. एसजीपीए दहापैकी ८.३. बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये वर्गात वर, मॅथ्समध्ये कसंबसं, बारावीचं गणित क्लासच्या शॉर्टकटवर झालेलं असतं ते तिथे उघडं पडतं. पहिले दोन महिने घरची फार आठवण यायची, दर शनिवारी एसटीनं घरी, आता महिन्यातून एकदा. खर्च वडलांच्या आवाक्यात राहिला, प्लॉटला हात लागला नाही.

सगळं छान आहे असं नाही. तिची क्लासमधली मैत्रीण पुण्यात कॉम्प्युटरला आहे, पहिल्याच वर्षात दोन हॅकेथॉन झाले तिचे, इन्स्टावर फोटो येतात. हिला वाटतं आपण मागे पडतोय. डिसेंबरमध्ये मला विचारलं, "ताई, मी चुकले का?" मी म्हटलं मला माहीत नाही, पण कोडिंग शिकायला पुणं लागत नाही, आणि सी आणि पायथन सुरू करून दिलं. रविवारी दीड तास बसतो. ती ते मोटरीच्या हिशोबाला वापरतेय, वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज काढायचा छोटा प्रोग्राम केलाय, चुका आहेत त्यात, पण वडलांच्या वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून बघत असते.

परत करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक वेळेची. आम्ही विचार सुरू केला निकाल लागल्यावर, आणि निकालानंतर प्रत्येक बोलणं आकड्याभोवतीच फिरतं. परीक्षा झाली की मेमध्ये, आकडा माहीत नसताना, दोनतीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून यायला हवी होती. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. तिनं कराड पहिल्यांदा बघितलं ते प्रवेशाच्या दिवशी, हे बरोबर नव्हतं. एनसीएलही एप्रिलमध्येच करायला हवं होतं.

दुसरं, मेटलर्जीला आम्ही पहिल्या रविवारी नीट वाचलंच नाही. मी 'आवड असेल तर' म्हणून पुढे गेले. तो सिलॅबस जो तिसऱ्या फेरीला वाचला तो तेव्हाच वाचला असता तर मामांना वाटलं नसतं की त्यांचं कुणी ऐकलंच नाही. घरातला मोठा माणूस जे सुचवतो ते चुकीचं वाटलं तरी पूर्ण तपासायचं, नाहीतर तो मुद्दा ऐन शेवटी परत येतो आणि तेव्हा भांडण होऊन येतो.

तिसरं, आईशी वेगळं बोलायला हवं होतं. तिची भीती साइटवरच्या उन्हाची होती, मुलीच्या सुरक्षिततेची होती, आणि मी तिला ईव्ही आणि ग्रिड सांगत बसले. इलेक्ट्रिकल झालेल्या एखाद्या बाईशी तिचं बोलणं करून दिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. हे मी आत्ता करून दिलंय, ऑफिसमधली माझी एक सिनियर आहे तिच्याशी, आणि त्या दोघी आता माझ्याशिवायही फोनवर बोलतात.

आणि ज्या गोष्टी परत तशाच करेन त्याही सांगते. क्रम आवडीचा लावणं, फॉर्म कन्फर्म करायच्या आधी घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणं, पुढच्या फेरीत फक्त हातातल्यापेक्षा जास्त हवं तेच टाकणं, आणि लॉगिनचा पासवर्ड मुलीच्याच हातात ठेवणं. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीचं माहितीपुस्तक वाचल्याशिवाय माझा अनुभव तसाच्या तसा उचलू नका.

यंदा तिच्या गावातल्या दोन मुली बारावीला आहेत. मला त्यांचा फोन यायच्या आधीच हिनं त्यांना सांगून ठेवलंय की सीईटी झाली की मेमध्ये कराडला या, हॉस्टेल आणि मशीन लॅब दाखवते, आणि तिथून सांगलीची एसटी पकडून वालचंदही बघून येऊ. वडील म्हणाले मीपण येतो, मला ती लॅब बघायचीये.